स्वतःच्या कानांचा एचआरटीएफ साध्या खोलीत कसा मोजावा

दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं की समोरचा आवाज पाठीमागून येतो. हेडफोनवरच्या त्रिमितीय आवाजाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिचं कारण बहुतेकदा हेडफोनमध्ये नसतं. आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचायच्या आधी डोकं, खांदे आणि बाहेरच्या कानाच्या वळ्या त्याला आकार देतात. हा आकार दर दिशेला वेगळा आणि दर माणसाचा वेगळा. त्याची नोंद म्हणजे हेड रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन, म्हणजेच एचआरटीएफ. सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो तो कुणा दुसऱ्याचा असतो, किंवा केमार नावाच्या पुतळ्याचा. एमआयटीच्या मीडिया लॅबने १९९४ साली या पुतळ्यावर ७१० दिशांची मोजमापं घेऊन ती सगळ्यांना खुली केली. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सीआयपीआयसी संचात ४३ माणसं आणि केमारच्या दोन नोंदी आहेत, प्रत्येकी १२५० दिशांच्या. संशोधनाला हे संच अनमोल आहेत. पण तुमचे कान त्यांत नाहीत.

स्वतःचे कान मोजायला ध्वनिशोषक खोलीच लागते असं नाही. आडव्या पातळीतल्या २४ दिशा, म्हणजे दर १५ अंशांना एक, एवढं मोजमाप घरच्या किंवा कॉलेजच्या खोलीत दोन तासांत नीट होतं. मात्र त्याचा दर्जा माइकच्या किमतीवर ठरत नाही. डोकं किती स्थिर राहिलं, वायर कुठून गेली आणि खोलीचे पडसाद कुठे कापले, यावर तो ठरतो. या तीन गोष्टींत ढिलाई झाली तर महागडी सामग्रीही उपयोगाची नाही.

उत्तर आधी माहीत असू द्या

मोजायला बसण्यापूर्वी काय आकडे यायला हवेत ते कागदावर मांडा. म्हणजे चूक झाली तर ती तिथल्या तिथे पकडता येते. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेली विभागणी अजून कामाची आहे. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मेंदू दोन कानांमधला वेळेचा फरक वापरतो, त्याच्या वर मुख्यतः पातळीचा, म्हणजे कोणत्या कानाला आवाज किती मोठा लागतो याचा. वेळेचा फरक काढायला वुडवर्थचं सूत्र पुरतं: डोक्याची त्रिज्या भागिले ध्वनीचा वेग, आणि त्याला रेडियनमधला कोन अधिक त्याच कोनाची साइन याने गुणा. त्रिज्या ८.७५ सेंमी आणि वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ३० अंशांना २६१ मायक्रोसेकंद, ६० ला ४८८ आणि ९० ला ६५६ येतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, एक नमुना किंवा सँपल २०.८ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ९० अंशांना साधारण साडेएकतीस सँपल. तुमचा आकडा ५०० किंवा ८०० आला तर पुढे जाऊ नका, काहीतरी हललं आहे. एक सावधगिरी: ५०० हर्ट्झच्या खालचा फरक वेगळा काढला तर तो साडेसातशेच्या वर दिसतो. लांब लहरी डोक्याला वळसा घालताना असंच होतं, ती चूक नव्हे.

पातळीचा फरक ९० अंशांना ५०० हर्ट्झवर जेमतेम काही डेसिबल असतो आणि वरच्या पट्ट्यात २० च्या घरात जातो. पुढे की मागे हे या दोन्ही फरकांतून कळत नाही. ३० अंश पुढचा आणि ३० अंश मागचा आवाज दोन्ही कानांना जवळपास सारखेच फरक देतात. तिथे निकाल लागतो तो बाहेरच्या कानाने आवाजाच्या स्पेक्ट्रममध्ये कोरलेल्या खाचांवरून, म्हणजे ठरावीक वारंवारतांना पातळी खाली जाते त्या जागांवरून, आणि त्या प्रामुख्याने ५-६ किलोहर्ट्झच्या वर असतात. म्हणून वरच्या पट्ट्यातली अचूकता जीवापाड जपायची.

सामग्री

लहान इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे माइकचा आतला दाणा, दोन, व्यास ६ मिमीच्या आतला. यापेक्षा मोठी कॅप्सूल कानाच्या तोंडाशी मावत नाही आणि मावली तरी आवाजाची वाट बदलते. या कॅप्सूलना साधारण ३ ते ५ व्होल्ट लागतात. माइक संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस माइकच्या वायरीतूनच ४८ व्होल्टचा फँटम पॉवर देतो, तो थेट जोडला तर कॅप्सूल जळते. कॉलर माइकसाठी व्होल्टेज उतरवून देणारा अडॅप्टर मिळतो, तो मधे टाका. अडॅप्टर घेताना तो खरोखर वीज उतरवतो की नुसता पिनांचा आकार बदलतो हे पाहून घ्या. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात.

इंटरफेस एकच हवा आणि त्याला दोन माइक इनपुट हवेत. दोन वेगळे यूएसबी माइक लावण्याचा मोह होतो, तो टाळा. दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात आणि काही सेकंदांत त्यांच्यात कितीतरी सँपलचा फरक पडतो. जो वेळेचा फरक मोजायचा आहे तोच खोटा ठरतो.

स्पीकर तीन-चार इंची, आवाज काढणारा शंकू एकच असलेला, बंद पेटीतला घ्या. दोन शंकूंच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांच्यात १२ सेंमी अंतर असेल तर १.२ मीटरवरून ते जवळपास ६ अंशांचं होतं. म्हणजे खालचे स्वर एका उंचीवरून, वरचे दुसऱ्या.

याशिवाय पाठ नसलेलं फिरतं स्टूल, ६० सेंमीपेक्षा थोडी लांब लाकडी पट्टी, हेअरबँड, किल्ल्यांच्या की-चेनमधला कमी शक्तीचा लेझर, खडू, दोरा आणि नट, मायक्रोपोअर टेप, आणि पोहणारे वापरतात तसे मऊ सिलिकॉनचे बोळे.

खोली आणि कात्री

स्पीकरचा आवाज कानापर्यंत दोन वाटांनी येतो: थेट, आणि जमीन, भिंती, छत यांवर आपटून. थेट आलेला ठेवायचा, पहिला पडसाद येण्याआधी नोंद कापायची. किती वेळ मिळतो ते भूमितीने ठरतं. कान आणि स्पीकर दोन्ही जमिनीपासून १.२ मीटरवर आणि एकमेकांपासून १.२ मीटर असतील, तर जमिनीवरून येणारी वाट २.६८ मीटर होते. थेट वाटेपेक्षा १.४८ मीटर जास्त, म्हणजे सुमारे ४.३ मिलिसेकंद उशीर. ४८ किलोहर्ट्झवर हे २०६ सँपल. कापून उरलेल्या या तुकड्यातून, म्हणजे खिडकीतून, साधारण २३० हर्ट्झच्या वरचंच काही विश्वासाने सांगता येतं.

दोन्ही १.५ मीटरवर उचलले, म्हणजे उंच स्टूल आणि स्टँड घेतला, तर उशीर ५.९ मिलिसेकंदांवर जातो आणि मर्यादा १७० हर्ट्झपर्यंत उतरते. पण मग छत जवळ येतं, तेव्हा दोन्ही अंतरं मोजून घ्या. ध्वनिशोषक खोलीतल्या संचांमध्ये २५६ किंवा ५१२ सँपलची लांबी असते. तीच डोळे झाकून उचलली की जमिनीचा पडसाद आत शिरतो आणि आलेखावर ठरावीक अंतराने दाते पडतात. दाते दिसले की कात्री उशिरा लागली असं समजा.

स्पीकर आणि स्टूल यांच्या बरोबर मध्यावर जमिनीवर कापसाची जाड गादी टाका. समान उंचीवर पडसादाचा बिंदू नेमका मध्ये येतो, त्यामुळे गादी दुसरीकडे टाकून उपयोग नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल बाहेर. पंख्याची पातीही आवाज परतवतात, तेव्हा स्टूल थेट पंख्याखाली नको. भिंती चारही बाजूंनी दीड मीटरच्या पुढे असतील तर उत्तम. इमारतीची मोकळी गच्ची मिळत असेल तर ती खोलीपेक्षा बरी, कारण तिथे छत नाही, भिंती लांब आणि पडसाद फक्त जमिनीचा. वारा पडलेला असतो तेव्हा, पहाटे पाचच्या सुमारास, कावळे जागे व्हायच्या आत काम उरकायचं.

अंतर एक मीटरपेक्षा कमी करू नका. आवाज फार जवळ आला की दोन कानांमधला पातळीचा फरक दिशेबरोबर अंतरानेही बदलतो आणि तो एचआरटीएफ लांबच्या आवाजासाठी चालत नाही.

माइक कानात

मोजमाप कानाची नळी बंद करून तिच्या तोंडाशी घ्यायचं. दिशेची सगळी माहिती नळीच्या तोंडापर्यंत तयार झालेली असते. नळीचा स्वतःचा अनुनाद सगळ्या दिशांना सारखाच असल्याने तो नोंदीत नसला तरी चालतो. शिवाय माइक पडद्याजवळ न्यावा लागत नाही, हा सुरक्षिततेचा मोठा फायदा.

सिलिकॉनचा बोळा वाटाण्याएवढा घ्या, कॅप्सूलच्या मागच्या बाजूला गुंडाळा आणि कॅप्सूल नळीच्या तोंडात अशी बसवा की तिचा चेहरा तोंडाच्या कडेशी समपातळीत राहील. ती बाहेरच्या वाटीसारख्या खोलगट भागात तीन-चार मिलिमीटर डोकावली तरी ८ किलोहर्ट्झच्या आसपासच्या खाचा सरकतात. आरशात पाहून बसवू नका, दुसऱ्या माणसाला बाजूने टॉर्च मारून बघायला सांगा. वायर वाटीच्या तळातून, समोरच्या लहान उंचवट्याच्या खालच्या खाचेतून बाहेर काढा, लगेच गालावर टेपने चिकटवा आणि मानेवरून पाठीमागे न्या. वायर कानावरून वर गेली तर ती वळ्यांच्या आड येते. टेप लावला नाही तर मान हलली की वायर माइक ओढते.

बोळे दर माणसाला नवे, कॅप्सूल आणि हात स्पिरिटने पुसलेले. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर हा प्रयोग करायचा नाही. आत ढकलून बसवायची सवय लावू नका. बोळा बाहेरून दाबून घट्ट होतो.

स्टूल, पट्टी आणि लेझर

स्टूल ज्या बिंदूवर फिरतं त्याच्या बरोबर वर डोक्याचा मध्य यायला हवा. छताच्या हुकाला दोरा आणि नट बांधून ओळंबा सोडा. नट टाळूच्या मध्याला टेकेल तिथे बसायचं, मग तो वर ओढून घ्यायचा. डोकं १ सेंमी बाजूला असेल तर १.२ मीटरवर चूक अर्ध्या अंशाची, ५ सेंमी असेल तर २.४ अंशांची. पहिली चालते, दुसरी नाही. माणूस थेट समोर बघत असेल तर एक अंशाचा बदलही त्याला ओळखू येतो.

जमिनीवर स्टुलाभोवती ६० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढा आणि त्यावर दर १५.७ सेंमीवर खूण करा. ते १५ अंश होतात. लाकडी पट्टी स्टुलाच्या बैठकीला समोरच्या बाजूने बांधा, तिचं टोक वर्तुळावर येऊ द्या आणि टोकावर एक ठिपका काढा. हेअरबँडवर लेझर तिरका खाली लावा. बसलेल्या माणसाने सरळ समोर बघितलं की लेझरचा ठिपका पट्टीवरच्या ठिपक्यावर पडला पाहिजे. आता पट्टीचं टोक खडूच्या कोणत्या खुणेवर आहे यावरून शरीराची दिशा कळते आणि लेझरवरून डोकं शरीराशी सरळ आहे की नाही ते. माणसाने पायांनी स्टूल फिरवायचं, मान वळवायची नाही.

उंच पाठीची ऑफिसची खुर्ची सोयीची वाटते, पण डोक्यामागची पाठ म्हणजे कानापासून वीतभर अंतरावर उभी केलेली भिंत.

स्वीप

चाचणीचा आवाज म्हणून घातांकी स्वीप, म्हणजे खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सलग चढत जाणारा आवाज, वापरा: ५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ५ सेकंद, सुरुवातीला आणि शेवटी २०-२० मिलिसेकंदांचं फेड, नंतर एक सेकंद शांतता. आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या या पद्धतीचा फायदा असा की स्पीकरच्या विकृतीचे हार्मोनिक उलट प्रक्रियेनंतर मुख्य प्रतिसादाच्या आधी येऊन पडतात. वरच्या आकड्यांवर दुसरा हार्मोनिक ०.५८ सेकंद आधी दिसतो, तो कापून टाकता येतो. सरळ चढणाऱ्या स्वीपमध्ये ही विकृती इतकी सुटी पडत नाही.

नोंद ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. वाजवणं आणि नोंदवणं एकाच इंटरफेसवर, एकाच आज्ञेने व्हायला हवं. पायथनमध्ये दोन्ही एकत्र करणारी लायब्ररी सहज मिळते. विंडोजमधली ऑडिओ सुधारणा, आपोआप गेन आणि प्रतिध्वनी काढणारी सोय बंद करा, नाहीतर शांत भाग सॉफ्टवेअर स्वतःच उचलतं.

पातळी डोक्याच्या जागी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. गेन, म्हणजे इंटरफेसवरची माइकची वाढ, लावताना माणसाचा कान स्पीकरकडे करा, चेहरा नव्हे. बाजूने येणारा आवाज जवळच्या कानाला बराच जास्त लागतो, आणि समोर ठेवून लावलेला गेन ९० अंशांना फाटतो. सगळ्यात मोठा शिखरबिंदू पूर्ण पातळीच्या ६ ते १२ डेसिबल खाली असू द्या, आणि एकदा लावल्यावर गेनच्या बटनांना हात लावू नका. गोंगाट जास्त असेल तर आवाज वाढवण्याऐवजी स्वीप लांबवा. लांबी दुप्पट केली की ३ डेसिबल मिळतात. अनेक छोटे स्वीप घेऊन सरासरी काढली तर मधल्या काळात डोकं हलतं.

आता क्रम. डाव्या माइकजवळ बोट चोळा आणि स्क्रीनवरची डावीच पट्टी हलते आहे ना ते पाहा. अदलाबदल झालेल्या वाहिन्या शेवटी कळल्या तर सगळी नोंद उलटी होते. मग ० अंशापासून सुरू करून २४ दिशा घ्या. स्वीप चालू असताना गिळणं, पापण्या जोरात मिटणं, खोल श्वास हे सगळं थांबवायचं. शेवटी परत ० अंश घ्या आणि पहिल्याशी ताडून पाहा. ८ किलोहर्ट्झच्या खाली एक डेसिबलपेक्षा जास्त तफावत असेल तर मधे माइक सरकला, सगळं पुन्हा. हे कंटाळवाणं आहे, पण ही एकच तपासणी पुढचे कित्येक तास वाचवते.

माइक काढायच्या आधी हेडफोन चढवा आणि त्याच माइकवर हेडफोनमधून स्वीप वाजवून घ्या. हेडफोन काढून परत घालून असं किमान पाच वेळा करा, कारण ८ किलोहर्ट्झच्या वर दर वेळी प्रतिसाद बदलतो. कानाभोवती बसणारे, मागून उघडे हेडफोन यासाठी चांगले. वायरवाले. ब्लूटूथ नको.

सगळ्यात शेवटी स्टूल बाजूला करून दोन्ही कॅप्सूल एकेक करून डोक्याच्या मध्याच्या जागी लटकवा आणि माणसाशिवाय स्वीप घ्या. या संदर्भ नोंदीशिवाय हाती येतं ते स्पीकर, माइक आणि कान यांचं मिश्रण.

हिशेब

प्रत्येक नोंदीवर उलटा स्वीप चालवून इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका क्षणिक टिचकीला मिळाला असता तो प्रतिसाद, काढा. पहिल्या आगमनाच्या अर्धा मिलिसेकंद आधी खिडकी सुरू करा, एकूण २०० सँपल ठेवा, शेवटचे ४८ सँपल हळूहळू शून्यावर आणा. डाव्या आणि उजव्या कानाला खिडकी एकच, जवळच्या कानाच्या आगमनावर ठरवलेली. दोन्ही कानांची शिखरं वेगवेगळी जुळवली की वेळेचा फरक पुसला जातो. ही चूक आलेखात दिसत नाही, ऐकताना मात्र आवाज कुठल्याच बाजूला पुरेसा जात नाही.

मग कानाचा स्पेक्ट्रम संदर्भाच्या स्पेक्ट्रमने भागा, डावा डाव्या माइकच्या संदर्भाने, उजवा उजव्याच्या. लहान स्पीकर जिथे आवाजच देत नाही तिथे हा भागाकार नुसता गोंगाट फुगवतो. म्हणून उलट्या फिल्टरची वाढ २० डेसिबलवर बांधा. २३० हर्ट्झच्या खाली पातळी सपाट धरा आणि वेळेचा फरक वरच्या भागासारखाच चालू ठेवा. एवढ्या लांब लहरींना डोकं जवळजवळ अडथळाच नसतं, त्यामुळे हे गृहीतक सुरक्षित आहे.

वेळेचा फरक तपासण्यासाठी ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गाळा, सँपलिंग दहापट करा आणि प्रत्येक कानात शिखराच्या ठरावीक डेसिबल खालची पहिली ओलांडणी शोधा. ० आणि १८० अंशांना फरक मूळ दराच्या दोन सँपलच्या आत हवा. सगळ्याच दिशांचे फरक सारख्याच कोनाने सरकलेले दिसले तर डोकं सरळ नव्हतं. लेझरचा ठिपका चुकीच्या जागी ठरला होता असं समजा.

हेडफोनच्या पाच नोंदींची सरासरी घेऊन उलटा फिल्टर बनवा, पण खोल खाचा पूर्ण भरू नका. भरलेली खाच पुढच्या वेळी हेडफोन दोन मिलिमीटर सरकला की शिट्टीसारखी टोचते. वाढ १० डेसिबलवर थांबवा.

साठवायला सोफा हा फॉरमॅट, म्हणजे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस ६९ हे मानक. त्यात कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, ९० अंश म्हणजे डावी बाजू. काही जुन्या संचांत ९० म्हणजे उजवी. स्टूल डावीकडे फिरवलं तर स्पीकर माणसाच्या उजवीकडे येतो, हेही इथेच लक्षात ठेवायचं.

खरंच चाललं का

२५० मिलिसेकंदांचा गोंगाटाचा ठोका घ्या, पट्टा १६ किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला. शुद्ध स्वर किंवा बोलणं घेतलं तर वरच्या खाचांना काही कामच उरत नाही. २४ दिशा, प्रत्येकी पाच वेळा, क्रम विस्कटलेला, असे १२० ठोके. ऐकणाऱ्याने कागदावरच्या वर्तुळात दिशा दाखवायची. बरोबर की चूक हे त्याला सांगायचं नाही. मेंदू नव्या कानांना शिकतो: नायमेगनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये साचे बसवून माणसांच्या कानांचा आकार बदलला, तेव्हा उंची ओळखणं आधी कोलमडलं आणि काही आठवड्यांत परत आलं. तुम्हाला शिकणं मोजायचं नाही, कान मोजायचे आहेत. त्याच दिवशी, त्याच क्रमाने केमारच्या संचावरही १२० ठोके घ्या, आणि निम्म्या लोकांना केमार आधी ऐकवा.

उत्तरांची नुसती सरासरी चूक काढू नका. ३० अंशांचा आवाज कुणी १५० ला दाखवला तर त्याची चूक १२० अंशांची नाही. डावं-उजवं त्याने अचूक ओळखलं, फक्त पुढे-मागे उलटलं. उत्तर खऱ्या दिशेपेक्षा तिच्या आरशातल्या दिशेला जवळ असेल तर ते उलटलेलं म्हणून वेगळं मोजा, आरशातून परत आणा आणि मग कोनाची चूक काढा. ९० आणि २७० अंशांच्या १५ अंश आसपासचे ठोके या मोजणीत धरू नका, तिथे दोन्ही दिशा जवळजवळ एकच असतात. स्वतःच्या एचआरटीएफवर उलटलेली उत्तरं केमारपेक्षा कमी आली नाहीत तर आधी हेडफोनचा फिल्टर तपासा, मग माइक कानात किती आत बसला होता ते. स्थिर हेडफोनवर काही उत्तरं उलटणारच, कारण डोकं वळवल्यावर प्रत्यक्षात जो बदल ऐकू येतो तो इथे मिळत नाही.

मोजमाप दुसऱ्यांवर करणार असाल तर आधी दोन्ही कानांची २५० ते ८००० हर्ट्झची श्रवणचाचणी करून घ्या, लेखी संमती घ्या आणि संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज आधी टाका. दोन कानांत १५ डेसिबलपेक्षा जास्त फरक असलेल्याची नोंद वेगळी ठेवा, सरासरीत मिसळू नका.